फूल नाही, मेंढ्यांनी खाल्लं

बाई, शाळेच्या यंदाच्या मेळाव्यातही मी तुमच्या फोटोला हार घातला नाही. रांग लागली होती. माझ्या वर्गातल्या, मागच्या-पुढच्या वर्गांतल्या सगळ्या जणी चपला काढून, पदर सावरून, हात जोडून पुढं सरकत होत्या आणि मी चहाच्या टेबलाशी उभी राहून बिस्कीट खात होते. एकदोघींनी डोळे वटारले. वटारू देत. तुम्ही गेलात ती बातमी मला शिरूरच्या एसटी स्टँडवर कळली होती, मी तेव्हा बारावीला होते. तेव्हाही सोबतच्या पोरी रडल्या आणि मी गाडीत खिडकीची जागा धरून बसले. इतकी वर्षं झाली, पण आपलं भांडण काही मिटलेलं नाही. गेलेल्या माणसाशी कसलं भांडायचं, असं आमची आय म्हणते. का नाही भांडायचं? तुम्ही होतात तेव्हा भांडायची सोय होती कुठं? तुमच्यापुढं उभं राहिलं की आमच्या तोंडचं पाणी पळायचं. आता निवांत ऐका. मधे बोलता येणार नाही तुम्हाला, तेवढाच माझा फायदा.

आपली शाळा अजून तिथंच आहे, शिरूरकडून चौफुल्याला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला. पुढं शाळा, मागं मुलींचं वसतिगृह, आणि शाळेत शिकवून वसतिगृहही तुम्हीच सांभाळायचात म्हणून दोन्हींच्या मधे तुमची खोली. खोलीतल्या खिळ्याला वसतिगृहाच्या फाटकाची किल्ली. फाटक उघडायचं तर तुमच्या खोलीत यायला लागायचं, आणि खोलीत यायचं तर उंबऱ्याबाहेर थांबून ‘बाई, येऊ?’ म्हणायला लागायचं. तुम्ही लगेच ‘ये’ म्हणाला असं कधी झालंच नाही. हातातलं काम संपवायचं, चष्मा पुसायचा, मनगटावरचं ते पुरुषी घड्याळ काढून त्याला चावी द्यायची, परत बांधायचं, मग ‘ये’. एकदा हेडमास्तरांनाही तुम्ही तसंच ताटकळत ठेवलेलं मी पाहिलंय. आम्ही पोरी भिंतीआड तोंडावर हात दाबून हसत होतो. बाकी सगळं तुम्हाला ठाऊकच आहे. पहाटे दौंडहून आणलेल्या रेल्वेच्या रुळाच्या तुकड्यावर टोला पडायचा, हौदावरच्या गार पाण्यानं दातावर दात वाजायचे, आणि आमटीत डाळ शोधायला लागायची. एकमेकींच्या वेण्या घालता घालता आम्ही तुमची नक्कल करायचो. माझी सगळ्यात चांगली व्हायची, पण पकडलीही मीच जायचे, कारण माझा आवाज.

माझा आवाज मोठा आहे. तो काही मी हौसेनं मोठा केला नव्हता. आमच्यात मेंढरं राखणाऱ्या पोरीनं बारीक आवाज ठेवून चालतच नाही. ह्या टेकाडावरून त्या ओढ्याला हाक पोचली पाहिजे, नाहीतर एखादी मेंढी कुणाच्या तरी हरभऱ्यात घुसलीच म्हणून समजा. मी शाळेत आले ती तो आवाज घेऊनच आले. पहिल्या दिवशी मी ‘हजर’ म्हणाले तर शेजारच्या वर्गातली पोरं वळून बघायला लागली. तुम्ही नाकावरचा चष्मा खाली केलात आणि म्हणालात, “आवाज खाली. हे रान नाही.” त्यानंतर ते वाक्य मी किती वेळा ऐकलं त्याला हिशेबच नाही. जेवताना, खेळताना, झाडताना, एकदा तर तापात बरळत होते तेव्हासुद्धा. मी बरी झाल्यावर पोरींनीच सांगितलं, बाई तुला झोपेतही गप्प करत होत्या म्हणून.

आणि दुसरा तुमचा तो नियम. पालकांनी भेटायचं ते महिन्याच्या शेवटच्या रविवारी. एरवी फाटक उघडणार नाही, मग कुणी का येईना. शेवटच्या रविवारी फाटकाशी जत्रा भरायची. धपाटी, शेंगदाण्याची चटणी, तेलाच्या बाटल्या, आयांचे रडके चेहरे. माझं कुणी यायचं नाही. कसं येणार? दसरा झाला की आमचं बिऱ्हाड निघायचं. पाबळच्या बाजूनं वर घाटाला लागायचं आणि उतरायचं ते थेट कोकणात. परतायचं ते जेठात, आणि पावसाळ्यातही चारा दिसेल तिकडं फिरायचं. मेंढराला रविवार कळत नाही, बाई, त्याला चारा कळतो. ज्यांचं कुणी आलेलं नसायचं त्या आम्हा चार पोरींना तुम्ही त्या दिवशी स्वयंपाकघरात तांदूळ निवडायला बसवायचात. त्यानं मन रमतं, असं म्हणायचात. माझं काही रमलं नाही. खिडकीतून फाटक दिसायचं, आणि मी खड्यांच्या जागी तांदूळ फेकून द्यायचे.

मी सहावीत आहे. दसरा होऊन गेलाय. आम्ही पटांगणात प्रार्थनेला उभ्या आहोत, डोळे मिटून, हात जोडून. आणि रस्त्यावरून ओळखीचा आवाज येतो. आधी कुत्रं, मग घोड्याच्या गळ्यातली घंटी, मग मेंढ्यांचं ते एकमेकीत मिसळलेलं बें-बें. मी डोळा किलकिला करून बघते तर फाटकाशी माझा बाप उभा. आमच्यात बापाला आबा म्हणतात. आबाच्या मागं आय, तिच्या हातात फडक्यात बांधलेला डबा. तिनं भोपळ्याच्या घाऱ्या केल्या असणार हे मला तिथूनही कळलं. तुम्ही फाटकाच्या आत उभ्या राहिलात. बोलणं मला ऐकू येत होतं, सगळ्याच पोरींना येत होतं.

“बाई, पोरीला बघून जातो जरा,” आबा म्हणाला. “आता जेठापतुर येनं न्हाई व्हायचं.”

“शेवटच्या रविवारी या.”

“तवा आमी घाट उतरल्यालो असतोय.”

“नियम सगळ्यांना सारखा आहे. आज तुम्हाला सोडलं तर उद्या दहाजण येऊन उभे राहतील.”

“व्हय, त्ये बी खरं हाय,” आबा म्हणाला, आणि वळला.

बाई, तुम्ही नाही म्हणालात त्याचा मला तेवढा राग आला नाही. तुम्ही नाहीच म्हणणार हे मला ठाऊक होतं. पण तो ‘व्हय’ म्हणाला आणि वळला, त्यानं माझं डोकं फिरलं. आय तर अजून उभीच होती. फाटकाच्या फटीतून मला शोधत होती, आणि सगळ्या पोरींचे गणवेश एकसारखे, त्यामुळे तिला मी सापडत नव्हते. मग मी छातीत मावेल तेवढा वारा भरून घेतला आणि हाळी दिली. मेंढ्या गोळा करायची आमची हाळी, जीभ टाळूला लावून केलेली, लांब ओढलेली. प्रार्थना जागच्या जागी थांबली. हेडमास्तरांनी डोळे उघडले. पटांगणात क्षणभर काही म्हणजे काही झालं नाही.

मग घायपाताच्या कुंपणाला जिथं खिंड पडली होती तिथून माझी मेंढी आत आली. माझीच. तिची आई मेली तेव्हा मी तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलेली, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. मेंढ्यांचं तुम्हाला माहीत नसेल, एक जिथून गेली तिथूनच बाकीच्या जाणार, तिथं विहीर असली तरी. सगळा कळप आत. पोरी किंचाळत ओट्यावर, हेडमास्तर टेबलावर, कुत्रं भुंकत, शिपाई खराटा घेऊन धावतोय आणि मेंढ्यांना वाटतंय की हा आपल्याला वाटच दाखवतोय. आबा आणि आय धावत आत आले. त्यांना यायलाच लागलं, मेंढ्या त्यांच्या! त्या गोंधळात आय माझ्यापाशी पोचली, माझा चेहरा दोन्ही हातांत घट्ट धरला, “वाळलीस गं बया,” म्हणाली आणि तशीच पुढं मेंढ्या हाकायला पळाली. तुमचा नियम तिथं मोडला, बाई. मी मोडला. आजही मोडीन.

मेंढ्या बाहेर गेल्यावर दिसलं, तुमच्या खोलीपुढचा शेवंतीचा वाफा उरलेला नव्हता. नुसते बुडखे. ती शेवंती तुम्ही का लावायचात हे सगळ्या शाळेला माहीत होतं. दिवाळीच्या सुट्टीआधीच्या रविवारी माजी विद्यार्थ्यांचा मेळावा असायचा, आणि हारतुरे विकत आणायला तुमचा सक्त विरोध. येणाऱ्या प्रत्येकाला दारात शाळेच्या मातीतलं एक फूल, बस्स. शेवंतीला कळ्या धरल्या की तुम्ही रोज संध्याकाळी वाफ्याशी जाऊन बसायचात. तेवढ्यापुरता तुमचा आवाज मऊ असायचा, हे मी कबूल करते.

तुम्ही वाफ्याशी उभ्या होतात. आबा पुढं आला, डोक्यावरचं मुंडासं काढून हातात घेतलं आणि वाकला. “चुकलं बाई. आमच्या मेंढरानी नुसकान केलं,” म्हणाला. मी आबाला कुणापुढं उघड्या डोक्यानं उभं राहिलेलं तोवर पाहिलं नव्हतं. हाळी कुणी दिली हे तुम्हाला ठाऊक होतं. सगळ्या शाळेनं ऐकली होती, मघा प्रार्थना थांबली ती काय वाऱ्यानं? मी रांग सोडून पुढं आले आणि म्हणाले, मी हाक मारली, आबानं काही केलं नाही. तुम्ही माझ्याकडं बघितलंही नाहीत. “तुला कुणी विचारलं? आवाज खाली.” आणि आबाला म्हणालात, “चुकलं म्हणून फुलं परत येत नाहीत.” आबा परत म्हणाला, “चुकलं.” दुसऱ्यांदा, बाई. तुम्ही त्याला दोनदा म्हणायला लावलंत.

मग तुम्ही निकाल दिलात. कांद्यासाठी मोकळं ठेवलेलं शाळेचं रान होतं मागं. त्यात मेंढ्या दोन-तीन मुक्काम बसवायच्या, रानाला खत होईल, नुकसान भरून निघेल. आणि ही पोरगी शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत बांधावर बसून राखण करेल, मेंढी पुन्हा आत आली तर मी हिला विचारीन. आबा मान डोलावत होता. बाई, आबाच्या मेंढ्या रानात बसवायला शेतकरी आर्जवं करायला यायचे. ज्वारी द्यायचे, बिऱ्हाडाला भाकर-कालवण आणून द्यायचे, पाणी कुठं आहे ते दाखवायचे. मेंढ्या बसल्या की पीक कसं उठतं हे सगळ्या मुलखाला ठाऊक. तेच काम तुम्ही त्याला दंड म्हणून करायला लावलंत.

त्या संध्याकाळी गोड होत्या. नाही कशाला म्हणू? मी बांधावर बसायचे, पुढ्यात जाळीच्या कुंपणात मेंढ्या, बांधापलीकडं आय तीन दगडांवर तवा ठेवून भाकरी थापायची. ती थापता थापता सगळं विचारून घ्यायची, पोट भरतं का, कोण मारतं का, डोक्यात उवा झाल्यात का. मी घाऱ्या खात तिच्या मांडीवर डोकं ठेवायचे आणि एक डोळा मेंढ्यांवर, कारण मी राखण करत होते ना! त्या वर्षात मी त्यांच्याजवळ एवढा वेळ कधी बसले नव्हते. शेवटच्या संध्याकाळी तुम्ही बांधावर आलात. आयनं घाईघाईनं एक घारी तुमच्या हातावर ठेवली. तुम्ही उभ्यानंच खाल्लीत आणि म्हणालात, “छान झाल्यात.” तुम्ही आलात म्हणून आबा उठून उभा राहिला होता. तुम्ही घारी खाऊन हात झटकून निघून गेलात तरी त्याला बसा म्हणाला नाहीत.

आता मेळाव्यात सगळ्या जणी काय म्हणतात ते सांगते. म्हणतात, बाईंनी काय युक्ती केली बघा! नियमही राहिला आणि पोरीला आई-बापही भेटले. वरून फणस, आतून गरे. माइकवरून हे सांगताना पदर डोळ्यांना लावतात. बाई, मला ती युक्ती तेव्हाच कळली होती. सहावीतल्या पोरीला काय कळतं असं वाटलं असेल तुम्हाला, पण बांधावर बसल्या बसल्या पहिल्याच संध्याकाळी कळली. आणि कळली म्हणूनच माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नियमाला ओरखडासुद्धा नको म्हणून तुम्ही माझ्या बापाला गुन्हेगार केलंत. दया करायची होती तर फाटक उघडायचं होतं! चार पावलं आत येऊ द्यायचं होतं त्यांना. दया करणारं माणूस समोरच्याला आधी वाकवत नाही.

त्या वर्षी मेळाव्याला फुलं नव्हती. दुसरी कुणी असती तर शिरूरच्या बाजारातून टोपलीभर मागवली असती. तुम्ही मला दारात उभं केलंत. येणाऱ्यानं फूल मागितलं की खरं काय ते सांगायचं. मी मान खाली घालून पुटपुटले, “फूल नाही, मेंढ्यांनी खाल्लं.” तर मागून तुमचा आवाज, “ऐकू येत नाही. आवाज वर.” मी वळून बघितलं. तुमच्या तोंडून मी ‘वर’ हा शब्द कधी ऐकला नव्हता. मग मीही म्हटलं, वर तर वर. जो येईल त्याच्या तोंडावर खणखणीत सांगायला लागले, “फूल नाही, मेंढ्यांनी खाल्लं. मेंढ्या आमच्या!” मोठ्या मिशांचे एक जुने विद्यार्थी गाडीवरून उतरले. त्यांनी मला विचारलं, “चव आवडली का मग त्यांना?” मी म्हटलं, “तर वो! बुडख्यापतुर खाल्लं.” ते एवढे हसले की त्यांना खांबाचा आधार घ्यायला लागला. तेव्हापासून मी मेळाव्याची गोष्ट झाले. शाळा सुटली, तुम्ही गेलात, मी शिकून कुरकुंभला औषधाच्या कंपनीत लागले, आता तिथं शिफ्ट बघते, तरी मेळाव्याला गेले की कुणीतरी ओरडतंच, “अगं मेंढ्यांची आली, मेंढ्यांची!” आणि मग मला स्टेजवर ढकलतात. मी दरवर्षी सांगते. हेडमास्तर टेबलावर कसे चढले ते करून दाखवते, खराटा नाचवते, लोक पोट धरून हसतात. मुंडाशाचं मात्र मी कधी सांगितलं नाही. तिथं पोचायच्या आधीच गोष्ट संपवायची मला सवय झाली होती.

आबाला मी हे सगळं एकदा बोलून दाखवलं. आता मेंढ्या नाहीत, विकल्या. दौंडकडं थोडी जमीन आहे, ऊस आहे, कांदा आहे, आबा दिवसभर बांधावर असतो. तो म्हणाला, “बाय भली व्हती. तिच्यामुळं तू शिकलीस. मेंढरानी फुलं खाल्ली, मी चुकलं म्हनलो. त्यात माजं काय गेलं?”

“माझं गेलं, आबा,” मी म्हणाले.

“तुजं नाक लई वर हाय,” म्हणाला, आणि पाणी सोडायला निघून गेला. त्याच्याशी भांडता येत नाही. म्हणून तर तुमच्याशी भांडते आहे.

आता यंदाचं. मेळाव्याला गेले तर वसतिगृहाच्या फाटकाशी एक बाई बसलेली. मांडीवर पिशवी. आत गजाला धरून एक पोरगी उभी, पाचवीतली असेल. तेवढ्यात आतून तिला कुणीतरी हाक मारली आणि पोरगी मागं बघत बघत गेली. मी त्या बाईला विचारलं, इथं का बसलात? ती कारेगावला राहते, कंपनीत पॅकिंगला आहे, ठेकेदाराकडं. “ताई, सुट्टीच गावत न्हाई. म्हैन्याच्या शेवटाला माल जायचा असतोय, रविवारची बी ड्युटी लागती. सुपरवायझर सोडतच न्हाई. आज दुसरीला बदली घालून आले, तर म्हंत्यात शेवटच्या रविवारी या. दिवाळीला बी आमाला सुट्टी न्हाई, पोरगी मामाकडं जायची. कवा बघू तिला?” महिनाअखेरीला कंपनीत काय चालतं ते मला नको सांगायला, बाई. मीच माझ्या शिफ्टच्या बायकांना थांबवून घेते. तुमचा शेवटचा रविवार बरोब्बर त्याच दिवसावर येऊन बसलाय.

वसतिगृहाची रेक्टर आता माझ्याच वर्गातली आहे. तुमची साडी नेसायची पद्धतसुद्धा तिनं उचललीय. मी तिला गाठून म्हणाले, अगं फाटक उघड, ती बाई उन्हात बसलीय. तर म्हणते, “अगं, बाईंचा नियम आहे तो. त्यांच्यापासून चालत आलाय. आज मेळाव्याच्या दिवशी मोडायचा? पुढच्या मीटिंगला विषय घेऊ.” बाईंचा नियम! तुम्ही कवाच्या गेलात आणि तुमचा नियम अजून फाटकाशी राखण करत बसलाय. मी म्हटलं, बरं.

मग नेहमीसारखं कुणीतरी ओरडलं आणि मला स्टेजवर ढकललं. मी गोष्ट सुरू केली. कुत्रं, घंटी, हाळी. हाळी तर मी देऊनच दाखवली, माइक बाजूला करून, पत्र्यावरची कबुतरं उडाली. हेडमास्तर टेबलावर चढले, लोक हसले. पण ह्या वेळी मी थांबले नाही. आबानं मुंडासं काढलं ते सांगितलं. दोनदा चुकलं म्हणाला ते सांगितलं. तो उभा राहिला आणि त्याला कुणी बसा म्हणालं नाही तेही सांगितलं. मी म्हणाले, बाईंनी मला शिकवलं, मी नाही म्हणत नाही. पण त्यांनी त्या दिवशी चूक केली, आणि आपण दरवर्षी त्या चुकीला टाळ्या वाजवतो. बाहेर फाटकाशी आत्ता एक आई बसलीय. तिच्याकडं मेंढ्यासुद्धा नाहीत आत सोडायला. अध्यक्षांनी घसा खाकरला, “ताई, जरा विषयावर बोला.” मी म्हणाले, “ह्योच विषय हाय!” आणि स्टेजवरून उतरले.

मी किल्ली आणली. फाटक उघडलं. कुलूप गंजलेलं, दोन हिसके द्यायला लागले. ती कारेगावची बाई उठून उभी राहिली तरी आत येईना, माझ्याकडं बघून विचारते, “चालंल का?” मी म्हटलं, चला. आणि पोरीचं नाव विचारून अशी हाक मारली की वसतिगृहाच्या सगळ्या खिडक्या उघडल्या. पोरगी चप्पलसुद्धा न घालता पळत आली. तिच्या आयनं तिचा चेहरा दोन्ही हातांत घट्ट धरला. पुढं मी बघितलं नाही, डोळ्यांत काहीतरी गेलं होतं. गेलं म्हणजे पाणीच आलं, तुमच्यापुढं कशाला लपवू? दारात मला मिळालेलं शेवंतीचं फूल मी त्या बाईच्या हातात दिलं. वाफा अजून आहे, बाई, जागेवरच आहे, आणि यंदा फुलं बक्कळ आलीत. रेक्टर माझ्यामागं येऊन उभी राहिली होती, रागानं लाल. तिनं माझ्याकडं बघितलं, त्या मायलेकींकडं बघितलं. मग तिनं आतल्या एका मोठ्या मुलीला सांगितलं, “ह्या दोघींना पानं वाढ. आणि त्यांना बसायला सतरंजी दे.” ती बसायला म्हणाली, बाई. मी ऐकलं. मीटिंगमध्ये काय होईल ते होवो. नाही म्हणाले तर पुढच्या मेळाव्याला मी मेंढ्या घेऊन येईन. आमच्या विकल्या असल्या तरी भावकीत अजून आहेत, आणि हाळी माझ्या गळ्यात आहे.

हे कागद मी कुठं धाडणार? तुम्हाला पत्ता नाही. शाळेच्या पत्त्यावर टाकले तर त्या सगळ्या जणी चौकट करून तुमच्या फोटोशेजारी लावतील, आणि पुढच्या वर्षी ह्यालाही हार घालतील. त्यापेक्षा माझ्याच कपाटात राहू देत. तुमच्याशी माझं भांडण आहे तसंच आहे. फक्त एक गोष्ट मी त्या दिवशी कुणाला सांगितली नाही, ती तुम्हाला सांगते. मी किल्ली आणायला गेले तेव्हा तुमच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. आत फक्त तुमची कॉट, कपाट आणि भिंतीवर तो हार घातलेला फोटो. किल्ली त्याच खिळ्याला. मी तावातावानं आले होते, अर्धा हॉल माझ्या पाठोपाठ बाहेर आला होता. हात लांब केला असता तर मिळाली असती. पण उंबऱ्याशी माझे पाय थांबले. मी म्हटलं, “बाई, येऊ?” आवाज खालीच होता. आणि मग तुम्ही घड्याळाला चावी देऊन, परत मनगटाला बांधून होईपर्यंत जेवढा वेळ लागायचा, तेवढा वेळ मी बाहेर उभी राहिले.